जुन्या छायाचित्रांची संगणकीय प्रत : लहानमोठी करताना घ्यावयाची दक्षता



आपल्या जुन्या शाळांच्या कपाटांत, हजेरीपटांच्या गठ्ठ्यांखाली, बहुधा एक खाकी पाकीट असते. त्यात वर्गाचे गटचित्र, झेंडावंदनाचे चित्र, एखाद्या निवृत्त गुरुजींच्या निरोपसमारंभाचे चित्र असते. कडा झिजलेल्या, रंग पिवळा पडलेला, मागील बाजूस शाईने नावे लिहिलेली. शाळेचा अमृतमहोत्सव वा शताब्दी जवळ आली की ही पाकिटे बाहेर निघतात, छायाचित्रे स्कॅन होतात आणि ती लहानमोठी करण्याचे काम बहुतेक वेळा शिक्षकांवरच येते. हे काम कसे करावे, याचा पद्धतशीर विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

पाठाची उद्दिष्टे : (१) संगणकावरील चित्र कशाचे बनते हे समजणे. (२) चित्र लहान वा मोठे करताना त्यातील कोणता अंश जातो हे गणिताने ताडून पाहणे. (३) मूळ प्रत सुरक्षित ठेवून काम करण्याची शिस्त अंगी बाणवणे. (४) हाच विषय इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गात सरासरी व प्रमाण शिकविताना वापरता येणे.

१. एक अनुभव

उपदेशापूर्वी माझ्या हातून घडलेली चूक सांगणे योग्य होईल. २०११ साली मी नदीकाठच्या एका गावी मुख्याध्यापक होतो. शाळेचा अमृतमहोत्सव होता. गावातील एका मावशींनी १९६१ सालचे सातवीच्या वर्गाचे गटचित्र आणून दिले. तिसऱ्या ओळीत त्यांचा थोरला भाऊ उभा होता. तो तरुणपणीच वारला होता. चित्र हाती देताना त्या म्हणाल्या, “गुरुजी, जपून न्या. दादाचा एवढाच फोटू हाय.”

मी कागद खरोखरच जपला. आठ दिवसांत तो कोराकरकरीत परत केला. पण संगणकातील प्रत मात्र जपली नाही. तालुक्याच्या गावी स्कॅन करून घेताना ‘फाइल लहान असावी’ एवढेच मी सांगितले. आठ इंच रुंदीचे ते चित्र इंचाला १०० ठिपके या मापाने स्कॅन झाले, म्हणजे रुंदीत अवघे ८०० ठिपके. त्यावरून आठ फुटी फ्लेक्स केला. आठ फूट म्हणजे ९६ इंच. तेवढ्या रुंदीत ८०० ठिपके पसरले, तेव्हा एकेक ठिपका सुमारे ३ मिलिमीटरचा, जोंधळ्याच्या दाण्याएवढा झाला. समारंभात सर्वांनी फ्लेक्स पाहिला, पण जवळ जाऊन कोणालाही ओळखता येईना. पुढे एका कार्यालयास पाठविण्यासाठी मी तीच फाइल ४०० ठिपक्यांपर्यंत कमी केली आणि त्याच नावाने जतन केली. मोठी फाइल त्या क्षणी नाहीशी झाली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात महापूर आला. मावशींच्या घरात पाणी शिरले आणि मूळ छायाचित्राचा लगदा झाला. पुढे २०२२ मध्ये भेट झाली तेव्हा त्यांनी विचारले, “गुरुजी, तुमच्याकडं हाय न्हवं त्यो फोटू?” मी फाइल उघडली. त्यांच्या भावाचा चेहरा जेमतेम १२ ठिपके रुंद होता. चेहरे स्पष्ट करून देणाऱ्या एका अ‍ॅपचा मी आधार घेतला. चित्र मोठे झाले, डोळे पाणीदार झाले, भांगही रेखीव निघाला. मावशींनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “फोटू चांगला हाय गुरुजी, पण ह्यो आमचा दादा न्हवं.”

या पाठाचे सार त्या एका वाक्यात आहे. चित्रातून जो अंश एकदा गेला, तो परत येत नाही. त्या जागी दुसरे काही आणून ठेवता येते, एवढेच.

२. चित्र कशाचे बनते?

संगणकावरील छायाचित्र म्हणजे आडव्या व उभ्या ओळींत मांडलेल्या ठिपक्यांची जाळी होय. रांगोळीत ठिपके आधी आणि आकृती मागाहून, तसेच येथे आहे. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. कृष्णधवल चित्रात प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक संख्या असते. साधारणतः ० म्हणजे पूर्ण काळा व २५५ म्हणजे पूर्ण पांढरा, अशा २५६ छटा असतात. रंगीत चित्रात तांबडा, हिरवा व निळा यांच्या तीन संख्या प्रत्येक ठिपक्यापाशी असतात.

छायाचित्र संगणकात उतरविण्याचा पहिला प्रयोग १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत झाला. रसेल किर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी, किर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचे सुमारे पाच सेंटिमीटर चौरस छायाचित्र फिरत्या नळकांड्यावर लावून यंत्राकडून वाचून घेतले. त्या चित्रात आडवे १७६ व उभे १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके होते. यंत्राला एका वेळी काळा की पांढरा एवढेच कळत असे. म्हणून निरनिराळ्या मर्यादा ठरवून पुन्हा पुन्हा वाचन करून करड्या छटा मिळविण्यात आल्या.

आता तुलना करावी. पहिल्यावहिल्या यंत्रानेही एका बाळाच्या चित्रास सुमारे ३१ हजार ठिपके दिले. मी मात्र त्या सातवीतल्या मुलाच्या चेहऱ्यास २५ रुंद व ३० उंच, म्हणजे ७५० ठिपके दिले आणि पुढे तेही घटविले. यंत्र सुधारले म्हणून काम आपोआप सुधारत नाही, ते असे.

३. स्कॅन करताना

इंचाला किती ठिपके घ्यावयाचे, हे माप स्कॅनरवर डीपीआय या नावाने असते. गटचित्रात एकेक चेहरा साधारण पाव इंच रुंद असतो असे धरू. १०० डीपीआयला त्यास २५ ठिपके मिळतील, ३०० ला ७५ आणि ६०० ला १५०. यावरून गटचित्रासाठी ६०० डीपीआय घेणे इष्ट, हे उघड आहे. एकट्या व्यक्तीचे मोठे चित्र असून ते त्याच आकारात छापावयाचे असेल, तर ३०० डीपीआय पुरते.

स्कॅनरच्या वेष्टनावर फार मोठे आकडे छापलेले असतात. त्यांपैकी यंत्राच्या भिंगाने प्रत्यक्ष वाचलेले माप कोणते आणि मधले ठिपके अंदाजाने भरून फुगविलेले माप कोणते, हे पाहून घ्यावे. कामाचे माप पहिलेच.

पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

(अ) स्कॅनरची काच कोरड्या मऊ फडक्याने पुसावी. छायाचित्र ओल्या फडक्याने कधीही पुसू नये. ते कडांना धरावे, मधोमध बोट लावू नये.

(आ) चौकटीच्या काचेस छायाचित्र चिकटले असेल तर ते ओढून काढू नये. वरचा थर काचेलाच राहतो. काचेसकट स्कॅन करावे.

(इ) चित्र कृष्णधवल असले तरी ते रंगीत पद्धतीने स्कॅन करावे. पिवळेपणा व डाग वेगळे ओळखून काढण्यास पुढे त्याचा उपयोग होतो.

(ई) मागील बाजूही स्कॅन करावी. नावे तेथेच असतात. नावाविना चेहरा दोन पिढ्यांनी परका होतो.

४. लहान करणे आणि मोठे करणे

चित्र निम्मे लहान करणे म्हणजे काय होते, हे एका उदाहरणाने पाहू. शेजारशेजारच्या चार ठिपक्यांच्या छटा २००, १००, ६० व ४० आहेत. चारांचा एक ठिपका करावयाचा, तर त्यांची सरासरी घ्यावी लागते. बेरीज ४००, भागिले ४, सरासरी १००. आता हेच चित्र पुन्हा पूर्वीच्या आकाराचे करा असे सांगितले, तर संगणकाजवळ १०० हीच संख्या आहे. तो चारही ठिकाणी १०० लिहील, किंवा शेजारच्या ठिपक्यांकडे पाहून मधल्या छटा अंदाजाने भरील. ९०, ११०, १०० व १०० यांचीही सरासरी १०० च येते. मूळच्या संख्या कोणत्या होत्या, हे सरासरीवरून कोणालाही सांगता येणार नाही. दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत.

म्हणून दोन नियम लक्षात ठेवावे. पहिला : चित्र लहान करणे हा दोष नव्हे, छोट्या कामासाठी छोटी प्रत लागतेच. मात्र ती मोठ्या मूळ प्रतीवरून एकदाच करावी. आधी निम्मी, मग तिची निम्मी, मग पुन्हा दीडपट, असे करू नये. दरवेळी नवी सरासरी होते व कडा बोथट होतात. दुसरा : मोठे चित्र हवे असेल तर लहान प्रत ताणू नये, मूळ छायाचित्र अधिक डीपीआयने पुन्हा स्कॅन करावे.

आकार बदलताना रुंदी व उंची यांचे प्रमाण कायम राखावे. १२०० × १८०० ठिपक्यांचे चित्र ६०० रुंद करावयाचे, तर उंची ९०० च आली पाहिजे, हे साधे त्रैराशिक आहे. गिम्प या विनामूल्य प्रणालीत ‘स्केल इमेज’ या ठिकाणी रुंदी-उंचीशेजारी साखळीचे चिन्ह असते. ते जोडलेले असल्यास प्रमाण आपोआप राखले जाते. तेथेच ठिपके भरण्याची रीत निवडता येते. ‘नन’ ही रीत जवळचा ठिपका उचलून ठेवते, त्यामुळे तिरप्या रेषांना पायऱ्या पडतात. छायाचित्रासाठी ‘क्युबिक’ रीत बरी.

५. जतन करण्याचे प्रकार

फाइल कोणत्या प्रकाराने ठेवतो, यावरही चित्राचा टिकाऊपणा अवलंबून असतो. टिफ व पीएनजी या प्रकारांत, नेहमीच्या मांडणीने ठेवल्यास, प्रत्येक ठिपका जसाच्या तसा राहतो. जेपीईजी हा प्रकार, ज्याचे प्रमाण १९९२ साली प्रसिद्ध झाले, आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच अशा लहान चौकटींत चित्र विभागतो आणि डोळ्यास सहसा न जाणवणारे बारीक फरक प्रत्येक चौकटीतून काढून टाकतो. त्यामुळे फाइल खूपच लहान होते. पण गुणवत्तेचा आकडा फार खाली आणल्यास त्या चौकटी चेहऱ्यावर दिसू लागतात.

जेपीईजी फाइल नुसती उघडून पाहिल्याने किंवा तिची नक्कल दुसरीकडे ठेवल्याने काहीही बिघडत नाही. बिघाड होतो तो फेरबदल करून पुन्हा जेपीईजीनेच जतन केल्याने. झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिचीही झेरॉक्स काढावी, तसा प्रकार होतो. म्हणून मूळ स्कॅन टिफ वा पीएनजीने ठेवावे, दुरुस्तीचे कामही तशाच फाइलवर करावे आणि जेपीईजी प्रत सर्वांत शेवटी, पाठविण्यापुरती काढावी.

६. दुरुस्तीचा क्रम

कामाचा क्रम चुकला तर चांगले स्कॅनही वाया जाते. पुढील क्रम ठेवावा.

(१) मूळ फाइलीची नक्कल करून तिला दुसरे नाव द्यावे. उदाहरणार्थ, ‘१९६१-सातवी-मूळ’ आणि ‘१९६१-सातवी-काम’. मूळ फाइल फक्त वाचण्यापुरती खुली राहील अशी खूण तिच्या गुणधर्मांत करावी.

(२) चित्र तिरके आले असेल तर सरळ करावे, पण एकदाच. थोड्याशा कोनातून फिरविले की सगळे ठिपके नव्याने मोजले जातात. पुन्हा पुन्हा फिरवून पाहण्यापेक्षा कागद काचेवर नीट ठेवून पुन्हा स्कॅन करणे उत्तम.

(३) कडा कापावयाच्या असल्यास कामाच्या प्रतीवरच कापाव्या. आज निरुपयोगी वाटणारी कडेची भिंत उद्या ‘जुनी शाळा येथे होती’ याचा पुरावा ठरते.

(४) उजळपणा बेताने वाढवावा. जे ठिपके २५५ च्या पलीकडे ढकलले गेले, ते सर्व सारखेच पांढरे होतात आणि पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या नाहीशा होतात.

(५) डाग व चरे काढताना चेहऱ्यावर हात फिरवू नये. तीळ, व्रण, देवीचे वण हे डाग नव्हेत.

(६) यानंतर हवा तो आकार करावा. लहान केल्यावर चित्र किंचित मऊ दिसते. तेव्हा धार शेवटी द्यावी. धार जास्त झाली की डोक्याभोवती पांढरी कड उमटते. ती दिसू लागताच एक पाऊल मागे यावे.

(७) शेवटी जेपीईजी प्रत नव्या नावाने काढावी. ‘ओव्हरराइट’ हा शब्द पडद्यावर दिसला की हात थांबवावा आणि फाइलीचे नाव पुन्हा वाचावे.

७. वर्गात घ्यावयाची कृती

साहित्य : आलेख कागद, पेन्सिल, खोडरबर. संगणक नसला तरी चालेल.

प्रत्येक विद्यार्थ्याने १६ × १६ चौकोनांत पिंपळाचे पान काढावे व चौकोन पूर्ण भरून रंगवावे. रंगविलेल्या चौकोनास १ व कोऱ्यास ० मानावे. मग चार-चार चौकोनांचा एक गट करून ८ × ८ ची नवी आकृती काढावी. गटात दोनपेक्षा अधिक चौकोन रंगविलेले असतील तर नवा चौकोन रंगवावा, एरवी कोरा ठेवावा. पानाचे निमुळते टोक बहुधा येथेच नाहीसे होते. आता ही नवी आकृती शेजाऱ्यास द्यावी आणि मूळ न पाहता तिच्यावरून पुन्हा १६ × १६ चे पान काढण्यास सांगावे. दोन्ही पाने शेजारी ठेवली की मुलेच सांगतील, “गुरुजी, टोक गेलं!” एखादा कल्पक विद्यार्थी मनाने टोक काढील. त्याचे कौतुक करावे, पण विचारावे, ‘हे टोक मूळच्या पानाचे, की तुझे?’ या प्रश्नातून सरासरी, प्रमाण व सत्यनिष्ठा असे तिन्ही पाठ एकाच तासात होतात.

८. शिक्षकांच्या काही शंका

डीपीआयचा आकडा ७२ चा ३०० केला तर चित्र सुधारते काय? नाही. ठिपके तेवढेच राहिले तर बदलते ते फक्त छपाईचे माप. ८०० ठिपके ३०० डीपीआयने छापले तर चित्र सुमारे २.७ इंच रुंद येते, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

मोठ्या फाइलींना जागा पुरेल काय? सहा इंच × आठ इंच छायाचित्र ६०० डीपीआयने घेतल्यास ३६०० × ४८००, म्हणजे १ कोटी ७२ लाख ८० हजार ठिपके होतात. रंगीत असल्यास प्रत्येकी तीन बाइट धरून फाइल सुमारे ५२ मेगाबाइटची होईल. अशी शंभर चित्रे सुमारे ५.२ गिगाबाइटमध्ये मावतात. १६ गिगाबाइटच्या एका पेनड्राइव्हमध्ये शाळेची सगळी जुनी चित्रे राहतील. मात्र प्रत एकाच ठिकाणी ठेवू नये. शाळेत एक व गावाबाहेर एक, अशा निदान दोन असाव्या.

स्कॅनर नसेल तर मोबाइल चालेल काय? चालेल. छायाचित्र सपाट ठेवून, थेट ऊन न पडणाऱ्या उजेडात, मोबाइल त्यास समांतर धरून चित्र घ्यावे व भिंगावरील बोटांचे ठसे आधी पुसावे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठविल्यास ठिपके व गुणवत्ता घटते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास फाइल जशीच्या तशी पोहोचते.

चेहरे स्पष्ट करणारे अ‍ॅप वापरावे काय? सजावटीसाठी वापरल्यास त्या चित्राखाली तसे स्पष्ट लिहावे. ओळख, इतिहास व स्मरण यांसाठी वापरू नये. ते अ‍ॅप असंख्य चेहरे पाहून शिकलेले असते आणि या चेहऱ्याच्या जागी शोभेल असा चेहरा रचते. शोभणारा चेहरा आणि खरा चेहरा यांत जे अंतर आहे, ते मावशींनी एका दृष्टिक्षेपात ओळखले.

स्वाध्याय

१. चार इंच × सहा इंच छायाचित्र ३०० डीपीआयने स्कॅन केल्यास एकूण किती ठिपके मिळतील? ६०० डीपीआयने किती पट?

२. ८०, १२०, १४० व ६० या चार छटांची सरासरी काढा. हीच सरासरी येणारे आणखी दोन गट लिहा. यावरून काय निष्कर्ष निघतो?

३. आपल्या शाळेतील सर्वांत जुने छायाचित्र शोधा. त्याच्या दोन्ही बाजू स्कॅन करा. चित्रातील जितक्या व्यक्तींची नावे गावातील वयोवृद्धांकडून मिळतील तितकी एका कागदावर नोंदवून तो कागद छायाचित्रासोबत ठेवा.

तिसरा प्रश्न पुढील केंद्रसंमेलनापूर्वी सोडवावा, अशी माझी विनंती आहे. नावे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, आणि गटचित्रातील एखादा चेहरा कोणाच्या तरी घरचा ‘एवढाच फोटो’ असतो.

— शिक्षण विस्तार अधिकारी